‘का’ला किती मार्क?

गणिताच्या वहीत आता नुसतं उत्तर लिहून भागत नाही. ‘कसं काढलंस, का काढलंस’ तेही लिहावं लागतं. मुलांचं हे लिहिणं आपण कसं वाचतो? अक्षर बघतो, ओळी मोजतो, की त्यामागचा विचार शोधतो?

‘‘उत्तर तर बरोबर आहे, मग मार्क का कापले?’’

‘‘कारण लिहिलं नाही म्हणून.’’

‘‘अगं, मग लिहायचं ना!’’

‘‘पण काय लिहू? मला ते आपोआप आलं डोक्यात!’’

चाचणीचे पेपर घरी आले, की हा संवाद कितीतरी घरांत होतो. आई बाईंवर चिडते, बाई मुलीवर आणि मुलगी गणितावर. आपल्या लहानपणी बरं होतं, असं वाटून जातं. उदाहरण उतरवायचं, रीत मांडायची, खाली उत्तर आणि उत्तराखाली पट्टीनं दोन रेघा. संपलं! आता तिसरी-चौथीच्या मुलांनाही ‘तुझ्या उत्तराचं कारण लिही’, ‘हे तू कसं शोधलंस ते तुझ्या शब्दांत सांग’ असे प्रश्न येतात. प्रश्न बदलले, पण ते तपासणारं लाल पेन मात्र पुष्कळदा जुनंच राहिलं.

मैत्रिणींनो, हा विषय फक्त शाळेतल्या बाईंचा आहे असं समजू नका. संध्याकाळी गॅसवर कुकर चढवता चढवता वही आपणही तपासतोच की! आणि त्या वहीतल्या चार ओळी आपण कशा वाचतो, त्यावर आपलं मूल स्वतःला ‘गणितात हुशार’ समजणार की ‘ढ’, हे बरंचसं ठरतं.

तीन वह्या, एक उदाहरण

समजा, चौथीच्या वर्गात हे उदाहरण दिलं : ‘शाळेच्या सहलीला १३० मुलं जाणार आहेत. एका बसमध्ये ४० मुलं बसतात. तर किती बस लागतील? उत्तराचं कारण लिहा.’

पहिल्या वहीत सुवाच्य अक्षरात भागाकार मांडलाय. १३० भागिले ४०, भाग ३, बाकी १०. ‘उत्तर : ३ बस, बाकी १०.’ खाली त्या दोन रेघा.

दुसऱ्या वहीत लिहिलंय : ‘४ बस. प्रथम मी उदाहरण नीट वाचले. मग विचार केला. मग भागाकार केला. मग उत्तर काढले. मग उत्तर तपासून पाहिले. म्हणून ४ बस लागतील.’

तिसऱ्या वहीत अक्षर वेडंवाकडं, खाडाखोड, एका कोपऱ्यात आडव्या रेघोट्या. आणि मजकूर असा : ‘४. कारन ४०, ८०, १२० झाले आनि १० पोरं ऱ्हायली. ती काय चालत येतील का’. शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

आता लाल पेन काय करेल? दुसऱ्या वहीला बहुतेक पैकीच्या पैकी. उत्तर बरोबर, सहा वाक्यं, शुद्धलेखन चोख. पहिल्या वहीला एखादा मार्क कमी, कारण रीत तर छान आहे. तिसऱ्या वहीत ‘कारन’ला गोल, ‘आनि’ला गोल, ‘ऱ्हायली’ला गोल, ‘रीत कुठे आहे?’ असा शेरा आणि जेमतेम अर्धे मार्क.

पुन्हा एकदा वाचून बघा. दुसऱ्या वहीतल्या सहा वाक्यांत कारण एकही नाही. तीच सहा वाक्यं बसऐवजी आंब्यांच्या पेट्यांच्या उदाहरणाखाली लिहिली असती, तरी चालून गेली असती. पहिल्या वहीत भागाकार अचूक आहे, पण उरलेली दहा मुलं शाळेच्या फाटकातच उभी आहेत आणि त्याची कुणाला फिकीर नाही. गणितातला खरा विचार फक्त तिसऱ्या वहीत आहे. चाळीस-चाळीसचे गठ्ठे केले, उरले किती ते पाहिलं आणि त्या उरलेल्यांचं काय करायचं हे उदाहरणातल्या गोष्टीकडे बघून ठरवलं. त्या ‘चालत येतील का’मध्ये सगळं आलं!

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेत १३ वर्षांच्या मुलांच्या एका राष्ट्रीय पाहणीत असंच उदाहरण घातलं होतं. तिचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. सैन्याच्या एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, १,१२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांना भागाकार नीट जमला. पण ३२ बस हे बरोबर उत्तर दिलं फक्त २३ टक्क्यांनी. २९ टक्के मुलांनी लिहिलं, ‘३१ बस, बाकी १२’. आणखी १८ टक्क्यांनी ती बाकी सरळ सोडून दिली आणि ३१ लिहून मोकळी झाली. म्हणजे हात भागाकार करत होता, पण डोकं बसमध्ये चढलंच नव्हतं.

बरोबरच्या खुणेमागे काय दडतं?

‘पण उत्तर बरोबर असेल, तर कारण कशाला हवं?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर १९७३ साली अर्लवँगर या संशोधकानं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सापडतं. सहावीतला एक बारा वर्षांचा अमेरिकन मुलगा. अभ्यासात त्याला ‘बेनी’ असं टोपणनाव दिलेलं आहे. त्याच्या शाळेत प्रत्येकानं आपापल्या गतीनं पुस्तिका सोडवायच्या, उत्तरसूचीशी ताडून घ्यायच्या, ८० टक्के जमलं की पुढची पुस्तिका. बेनी भराभर पुढे जात होता. बाईंच्या लेखी तो गणितातल्या चांगल्या मुलांपैकी एक. संशोधकानं समोर बसवून ‘हे तू कसं काढलंस?’ असं विचारलं, तेव्हा कळलं की या मुलाच्या मते २/१० म्हणजे १.२. कारण दोन आणि दहा मिळून बारा, मध्ये कुठेतरी टिंब द्यायचं! याच न्यायानं ४/११ म्हणजेही १.५ आणि ११/४ म्हणजेही १.५. गणित म्हणजे कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेले नियम, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. इतकी वर्षं त्याला ‘का’ असं कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. ‘१/३ आणि १/४ यांत मोठा कोण?’ मूल लिहितं १/३. बरोबर! आता कारण विचारा. एक मूल लिहील, ‘छेद लहान असला की अपूर्णांक मोठा.’ दुसरं लिहील, ‘एक भाकरी तिघांत वाटली तर मोठा तुकडा मिळतो, चौघांत वाटली तर लहान.’ दोघांनाही बरोबरची खूण मिळेल. पण उद्या १/३ आणि ३/४ समोर आले, की पहिलं मूल छेद बघून पुन्हा १/३ लाच मोठा म्हणेल. भाकरीवालं मूल म्हणेल, ‘तीन पाव तुकडे म्हणजे जवळजवळ आख्खी भाकरी की!’

याच्या उलटही होतं. फुलीमागेही विचार असतो. ५२ मधून ३७ वजा करताना मुलानं २५ उत्तर लिहिलं आणि कारण दिलं, ‘२ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ घालवले.’ उत्तर चुकलं, पण बाईंना त्या एका ओळीनं केवढं सांगितलं! या मुलाला वजाबाकी येते, पाढे-बिढे घोकायची गरज नाही. त्याला दशक सुटा करणं समजलेलं नाही, एवढंच. काड्यांचा एक गठ्ठा सोडून दाखवला की काम झालं. नुसत्या फुलीतून हे कधीच कळलं नसतं.

गणितात ‘का’ असतो, हेच मुलांना कळलं नाही तर काय होतं? फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथल्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास लहान मुलांना एक मुद्दाम खुळचट उदाहरण घातलं : ‘एका बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. तर बोटीच्या कप्तानाचं वय किती?’ दुसरी-तिसरीतल्या ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांशी खेळून काहीतरी वय काढून दिलं! हसू येतं खरं, पण ही मुलं वेडी नव्हती. शाळेत आकडे दिले की त्यांचं काहीतरी करायचं असतं, हे ती पक्कं शिकली होती.

भाषेचे मार्क की गणिताचे?

इथे एक मोठी गोम आहे. कारण लिहायला भाषा लागते. मग आपण मार्क देतो ते विचाराला की भाषेला?

आज आपल्याकडे कितीतरी मुलं सेमी-इंग्लिशमध्ये आहेत. घरात मराठी आणि गणित इंग्रजीत. कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या घरी उर्दू-हिंदी, आणि शाळेत पुस्तकी मराठी. अशा मुलानं ‘उत्तराचं कारण इंग्रजीत लिही’ म्हटल्यावर ‘आय डिड प्लस’ एवढंच लिहिलं, तर त्याच्याजवळ विचार नाही असं म्हणायचं का? तेच मूल आपल्या बोलीत दोन मिनिटं हातवारे करून सगळं पटवून देईल.

अहो, भाजीवालीकडे बघा. अठ्ठावीस रुपये किलोचे साडेतीन किलो कांदे घेतले, की ती वजन उतरवायच्या आत सांगते, ‘‘तीन किलोचे चौऱ्याऐंशी, अर्ध्याचे चौदा, अठ्ठ्याण्णव झाले ताई.’’ ही रीतच आहे, आणि फार सुंदर रीत आहे. पण तिला कागद देऊन ‘२८ × ३.५ सोडवा आणि स्पष्टीकरण लिहा’ म्हटलं, तर ती कागद परत करेल. आपल्या आज्यांच्या पिढीत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असायची. त्यांच्या डोक्यातलं गणित वहीवर कधी उतरलं नाही, म्हणून ते गणित नव्हतं का?

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास केला होता. १९८५ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि गाजला. गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले, तेव्हा या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. तशाच आकड्यांची नुसती उदाहरणं कागदावर दिली, तर फक्त ३७ टक्के. एका बारा वर्षांच्या मुलाला विचारलं, पस्तीसला एक नारळ, तर दहाचे किती? त्यानं तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तिनांचे मिळून २१०, पुढे ३१५ आणि मग शेवटचा एक घालून ३५०. आपण म्हणू, अरे, दहानं गुणताना शून्य दे की! पण त्याला माहीत असलेल्या भावावरून तो पायरी पायरीनं, एकही न चुकता वर चढला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचाही असाच अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ त्याच्या संशोधकांत होते. बाजारातले अवघड हिशेब चटकन करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडखळली. आणि शाळेत शिकणारी, बाजारात काम न करणारी मुलं बाजारातल्या हिशेबात! दोन्हींमधला पूल कुणी बांधलाच नव्हता. मुलानं आपल्या डोक्यातली रीत आपल्या शब्दांत कागदावर उतरवणं, हाच तर तो पूल. पण पहिल्याच पावलाला ‘शुद्धलेखन सुधारा’ असा शेरा मिळाला, तर ते पूल कशाला ओलांडेल?

भाषेचा गुंता आकड्यांच्या नावांतही असतो. ‘बावन्न’ म्हणताना आपण आधी दोन बोलतो आणि मग पन्नास. लिहिताना मात्र पाच आधी. म्हणून लहान मुलं बावन्नचे २५ लिहून बसतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात नेहमीच्या नावांच्या जोडीला ‘पन्नास दोन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवतंय ना? गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं हेच होतं, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत मुलं अडकतात आणि गणिताला घाबरतात. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्या पद्धतीबद्दल तुमचं मत काहीही असो, त्यांनी दाखवलेला भेद मात्र वही तपासताना विसरू नये : चूक गणिताची आहे की नावाची?

म्हणून ‘लेखी स्पष्टीकरण’ म्हणजे फक्त वाक्यं, असं धरू नका. चित्र चालेल, बाण चालतील, संख्यारेषा चालेल, तिसऱ्या वहीतल्या रेघोट्याही चालतील. मराठी-इंग्रजीची खिचडीही चालेल. आणि ज्या मुलाला लिहिणंच जड जातं, अध्ययन अक्षमता आहे, त्याचं बोलणं मोठ्या माणसानं उतरवून घेतलं तरी चालेल. २०१० मध्ये आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत ‘तोंडी काम’ आणि ‘प्रात्यक्षिक’ यांना जागा दिली होती, ती काही उगीच नाही.

मग तपासायचं कसं?

गणित तपासणं सोपं, बरोबर की चूक. कारण तपासणं अवघड. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी आणि आठवीच्या मुलांनी वर्षभर केलेल्या गणिताच्या कामाच्या फायली गोळा करून त्यांवर मूल्यमापन करायचं ठरवलं. रँड या संस्थेनं त्याची पाहणी केली, तेव्हा दिसलं की एकाच फायलीला दोन शिक्षक वेगवेगळे गुण देत होते. हेतू चांगला, पण मोजपट्टी प्रत्येकाची वेगळी. मोजपट्टी आधी ठरली नाही, तर मुलांवर अन्याय होणारच.

ती फार गुंतागुंतीची असायची गरज नाही. पहिली गोष्ट, उत्तराचे गुण वेगळे आणि विचाराचे वेगळे ठेवायचे. दुसरी गोष्ट, विचारासाठी चार पायऱ्या पुरेत :

शून्य : कारणच नाही. ‘मला माहीत होतं’, ‘बाईंनी सांगितलं’.

एक : काय केलं ते सांगितलंय, का केलं ते नाही. ‘मी भागाकार केला.’

दोन : कारण आहे, पण मध्ये फट आहे. ‘४ बस, कारण ३ पुरत नाहीत.’ का पुरत नाहीत, ते वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं.

तीन : ज्याला उत्तर माहीत नाही अशा मैत्रिणीलाही वाचून पटेल.

आता त्या तीन वह्या पुन्हा लावून बघा. पहिली आणि दुसरी एकाच पायरीवर येतात आणि वेडंवाकडं अक्षरवाली तिसरी वही थेट वरच्या पायरीवर जाते. अशुद्ध शब्दांखाली हलकी रेघ मारा, भाषेच्या तासाला त्यांच्याकडे बघा. गणिताचा मार्क त्यासाठी कापू नका. तिसरी गोष्ट, या पायऱ्या मुलांना आधी सांगा. दोन-तीन उत्तरं फळ्यावर लिहून ‘यातलं कुठलं पटतं?’ असं वर्गालाच विचारा. मुलं फार कडक परीक्षक असतात! आणि चौथी गोष्ट, एकाच इयत्तेच्या दोन-तीन बाईंनी महिन्यातून एकदा त्याच पाच वह्या वेगवेगळ्या तपासून मग एकत्र बसावं. कुठे आणि का फरक पडला ते चहा होईपर्यंत कळतं.

गुणांपेक्षाही महत्त्वाचा असतो शेरा. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांची आवडही टिकली आणि कामही सुधारलं. गंमत म्हणजे दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्याचा फायदा फारसा झालाच नाही. गुण दिसले, की शेरा कोण वाचतो? आपणही वही उघडल्यावर आधी आकडाच शोधतो ना!

पण शेरा म्हणजे ‘छान’, ‘आणखी प्रयत्न हवा’ नव्हे. ‘गणिती क्रिया अचूक करते’ अशा तयार वर्णनात्मक नोंदींची पुस्तकं बाजारात मिळतात. त्यांतून उतरवलेलं वाक्यही नव्हे. चांगला शेरा बहुतेक वेळा प्रश्न असतो. पहिल्या वहीखाली : ‘या उरलेल्या १० मुलांचं काय करायचं?’ दुसरीखाली : ‘भागाकारात ३ आले होते, मग तू ४ का लिहिलेस?’ तिसरीखाली : ‘पटलं! आता एका बसमध्ये ५० मुलं बसत असतील तर?’ तीन शेरे, तीन मुलं, तिघांनाही पुढची पायरी मिळाली.

‘बोलायला सोपं आहे,’ असं एखादी शिक्षिका म्हणेल, आणि खरंच आहे ते. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, पण खूप वर्गांत बाकांवर दाटी असते. वर निवडणुकीची कामं, जनगणनेची कामं, माहितीचे तक्ते. म्हणून रोज प्रत्येक उदाहरणाला कारण मागू नये. ‘७ + ५ = १२, का ते लिहा’ हा मुलांचाही छळ आणि बाईंचाही. आठवड्यातून एकच चांगला ‘का’ विचारावा आणि रोज सहा-सात वह्या शांतपणे वाचाव्यात. पंचवीस वह्यांवर घाईनं मारलेल्या खुणांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

पाठ केलेलं स्पष्टीकरण

एक धोका मात्र घरातूनच येतो. ‘कारण लिहा’ला मार्क आहेत म्हटल्यावर गाइडं आणि क्लासवाले तयार स्पष्टीकरणं देतात, आणि आपणही ती पाठ करून घेतो. म्हणजे ‘का’सुद्धा घोकंपट्टीतच गेला! दुसऱ्या वहीतली ती सहा वाक्यं बहुधा अशीच कुठूनतरी आलेली असतात.

पाठ केलेलं ओळखायचा सोपा उपाय सांगते. गोष्ट बदला, आकडे तेच ठेवा. ‘१३० लाडू आहेत. एका डब्यात ४० मावतात. किती डबे पूर्ण भरतील?’ भागाकार तोच, भाग ३ आणि बाकी १०. पण आता उत्तर आहे ३. बसच्या वेळी बाकीमुळे एक वाढवला आणि लाडवांच्या वेळी का नाही वाढवला? हे जे मूल सांगू शकेल, त्याला गणित कळलं. बाकीच्यांना अजून नुसता भागाकार येतो.

आणि आपल्यापैकी कितीजणी वही हातात घेऊन पहिलं वाक्य म्हणतात, ‘‘बाई गं, मला गणितातलं काही विचारू नकोस, मला नव्हतंच येत!’’ हे वाक्य मुलीच्या कानात राहतं. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या मुली वर्षाअखेरीस ‘मुलगे गणितात हुशार, मुली वाचनात’ असं जास्त मानू लागल्या, आणि तसं मानणाऱ्या मुली गणितात मागेही पडल्या. मुलग्यांवर मात्र असा परिणाम दिसला नाही. मुलीची वही बघून आपण ‘अक्षर किती सुरेख!’ म्हणून थांबतो, तेव्हा तिच्या विचाराला दाद द्यायची राहूनच जाते. आणि खरं सांगायचं, तर मुलीचा विचार ऐकायला आपल्याला गणित यावंच लागतं असं नाही. ‘मला पटवून दे’ एवढं म्हणता आलं की झालं. उलट, जिला उत्तर माहीत नाही अशी आई हीच कारण सांगायला सगळ्यात चांगली श्रोता!

पुढच्या पालकसभेला बाईंच्या समोर बसाल, तेव्हा ‘किती मार्क पडले?’ हे विचाराच. त्यात काही गैर नाही. पण त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा : ‘‘माझी मुलगी विचार कसा करते, ते तुम्हाला तिच्या वहीत कुठे दिसलं?’’ बाई ज्या पानावर बोट ठेवतील, ते पान घरी आल्यावर तिच्यासोबत बसून वाचा.

घरी करून बघा

• उत्तर बरोबर आलं तरीही ‘कसं काढलंस?’ विचारा. फक्त चुकल्यावर विचारलं, तर ‘का?’ म्हणजे ‘चुकलं’ असं मूल धरून चालतं.

• आधी बोलू द्या, मग चित्र काढू द्या, मग लिहू द्या. लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचावं. फट कुठे आहे ते तिचं तिलाच ऐकू येतं.

• आठवड्यातून एकदा तुम्ही मुद्दाम चुकीचं कारण सांगा आणि तिला चूक पकडू द्या. उदाहरणार्थ, ‘पाव किलोपेक्षा अर्धा किलो कमी, कारण चारपेक्षा दोन लहान!’

• कच्चं काम खोडरबरानं पुसायला लावू नका. विचार बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

• शुद्धलेखनाला वेगळा दिवस ठेवा.